तीन वर्षं तेच वचन

आदरणीय मावशी, जय ख्रिस्त.

मी नगर जिल्ह्यातला, वय ३२. पदवीनंतर पुण्यात खोली घेऊन राज्यसेवेची तयारी करतोय. हे सातवं वर्ष. दोनदा मुख्य परीक्षा दिली, त्यातल्या एकदा मुलाखतीपर्यंत गेलो, पण यादीत नाव आलं नाही. बाबा एसटीतून निवृत्त झालेत, तरी महिन्याला सात हजार पाठवतात. दोन वर्षांपूर्वी गावच्या पतसंस्थेत कारकुनाची जागा निघाली होती. ती घेतली तर माझा विश्वास कमी पडला असं होईल, म्हणून नाही म्हटलं. आमच्याच चर्चच्या मंडळीतल्या एका मुलीचं स्थळ आलं होतं. पोस्ट निघाल्यावर बघू, असं सांगितलं. ती अजून थांबली आहे, असं आई म्हणते. मी पूर्वी शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या वर्गात, शिकवायचो, तेही सोडलं. गावात गेलं की ज्याला त्याला निकाल सांगावा लागतो.

३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेला गेलो आणि शेवटच्या बाकावर बसलो. बारा वाजल्यावर नव्या वर्षासाठी बायबलमधल्या वचनांच्या चिठ्ठ्यांचं ताट फिरलं. माझ्या चिठ्ठीत यिर्मया २९:११. सलग तिसऱ्या वर्षी तेच. आईच्या डोळ्यांत पाणी आलं, मला मात्र त्या चिठ्ठीचा राग आला. देव मला ‘थांब’ म्हणतोय की ‘नाही’ म्हणतोय? परीक्षा सोडली तर तो अविश्वास ठरेल का? हल्ली कधी कधी झोपताना वाटतं, सकाळ झालीच नाही तर बरं.

– शेवटच्या बाकावरचा

*

बाळा, जय ख्रिस्त.

तुझ्या प्रश्नांकडे वळण्याआधी तुझं शेवटचं वाक्य घेते. ते तू घाईत, जाता जाता लिहिल्यासारखं लिहिलंयस, पण मी तिथेच थांबले. सकाळ झालीच नाही तर बरं, हे मनात येणं पाप नाही. बायबलमधल्या एलिया संदेष्ट्याच्याही मनात ते आलं होतं. रतामाच्या झुडपाखाली बसून त्याने मरण मागितलं. देवाने त्याला रागे भरलं नाही, विश्वास कुठे गेला असंही विचारलं नाही. झोपू दिलं, उठवून निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत जेवू घातलं. पुढचं बोलणं त्यानंतर. म्हणून आज रात्री पोटभर जेव आणि हे वाक्य खोलीतल्या एका तरी मित्राला तोंडाने बोलून दाखव. तो विचार वारंवार येत असेल तर १४४१६ वर फोन कर. ही सरकारची टेलि-मानस सेवा आहे, दिवसरात्र चालू असते, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. मी ३१ वर्षं नर्सिंग केलंय. ताप आल्यावर दवाखान्यात जाणाऱ्याच्या विश्वासावर कुणी शंका घेत नाही. मनाच्या दुखण्यालाही तोच न्याय.

आता चिठ्ठी.

तुला तिचा राग आला, ते मला समजतं. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, तुम्हाला पुढे आशा आहे, असं देव म्हणतो, आणि आपण मात्र मागच्या वर्षी होतो तिथेच. पण चिठ्ठीवर एकच ओवी मावते. ती यिर्मया संदेष्ट्याने लिहिलेल्या एका पत्रातली आहे आणि ते पत्र आपण क्वचितच पूर्ण वाचतो. आज पूर्ण वाच, चौथ्या ओवीपासून चौदाव्यापर्यंत.

ख्रिस्तपूर्व ५९७ मध्ये बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, राजाने यरुशलेमेतून राजा, कारागीर, लोहार, सगळी कर्ती माणसं धरून नेली. त्या परक्या मुलखात ती माणसं गाठोडं न सोडता बसली होती. आज ना उद्या परत जायचंच आहे, मग इथे चूल कशाला मांडायची? यरुशलेमेत हनन्या नावाचा एक संदेष्टाही तेच सांगत होता. मंदिरात, सगळ्यांसमोर त्याने यिर्मयाने बाबेलच्या सत्तेची खूण म्हणून मानेवर घातलेलं लाकडी जू काढून मोडलं आणि म्हणाला, दोन वर्षं, फक्त दोन वर्षं. यिर्मयाने त्यावर काय म्हटलं ठाऊक आहे? ‘आमेन.’ परमेश्वर तसंच करो, म्हणाला. त्यालाही ते हवंच होतं. पण जे त्याला सांगितलं गेलं होतं ते वेगळं होतं, आणि तेच त्याने राजाच्या दूतांबरोबर पत्रातून बाबेलला कळवलं. घरं बांधा, त्यांत राहा. बागा लावा, त्यांची फळं खा. लग्नं करा, मुलाबाळांची लग्नं लावून द्या. ज्या नगरात मी तुम्हाला पाठवलंय त्याचं भलं चिंता, त्यासाठी प्रार्थना करा. मग दहावी ओवी: सत्तर वर्षं भरल्यावर मी तुम्हाला परत आणीन. आणि त्यानंतर तुझी अकरावी.

बघ, ते वचन कुणाला मिळालं. पत्र ऐकताना तिशीत असलेला माणूस पारसाचा राजा कोरेश याने परतीची परवानगी दिली तोवर नव्वदीच्या घरात गेला असता. म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांनी यरुशलेमेची वेस परत पाहिली नाही. तरी देव त्यांना म्हणाला, तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत. ते हित सत्तर वर्षांच्या पलीकडच्या टोकाला ठेवलेलं नव्हतं. बाबेलमध्ये लावलेल्या बागेत, तिथे जन्मलेल्या लेकरांत ते रोज चालू होतं.

तुझ्याकडे सात वर्षं खोली आहे, घर नाही. गाठोडं अजून सुटलेलं नाही. नोकरी नको, लग्न नको, शब्बाथ शाळा नको. सगळं ‘पोस्ट निघाल्यावर’. याला तू देवाची वाट पाहणं म्हणतोस. मला वाटतं, तू निकालाची वाट पाहतोयस आणि देवाला त्या निकालाचा जामीन ठेवलंयस. हे मी कठोरपणे म्हणत नाही. मीही हे केलंय, वर्षानुवर्षं केलंय, म्हणून मला ते ओळखता येतं.

वाट पाहणं म्हणजे काय, हे मला कुठल्या प्रवचनातून कळलं नाही. ते एका रात्रपाळीत कळलं.

मी एका मिशन दवाखान्यात होते. पावसाळ्याचे दिवस. रात्री एकच्या सुमारास वस्तीवरून चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला आणलं. जमिनीवर झोपलेला असताना मण्यार चावली होती. मण्यारीचं असं की दाताची खूण धड दिसत नाही, आग होत नाही, त्यामुळे घरच्यांना उशिरा कळतं. आधी पापण्या जड होतात, मग जीभ, मग श्वास. डॉक्टरांनी लस सुरू केली, घशात नळी घातली. पण त्या काळी आमच्याकडे व्हेंटिलेटर एकच होता आणि तो दुसऱ्या पेशंटला लागलेला. मग अंबू बॅग. रबरी फुगा असतो, हाताने दाबायचा, दर पाच सेकंदांनी एकदा. दाबला की मुलाची छाती वर येते, सोडला की खाली जाते. दाबायचं थांबलं की सगळं थांबलं.

आम्ही दोघीच ड्यूटीवर, वॉर्डात २६ पेशंट. मी त्याच्या बापाच्या हातात फुगा दिला आणि शिकवलं. शेतमजूर माणूस, हाताला कांद्याचा वास. तो तोंडाने मोजायला लागला. एक, दोन, तीन, चार, पाच. दाब. मी दोनच्या राउंडला गेले, सलाइन बदललं, चार्ट लिहिले, परत आले. एक, दोन, तीन, चार, पाच. ‘सिस्टर, किती वाजले?’ सव्वादोन. पुन्हा तीनला विचारलं. पुन्हा साडेतीनला. त्याची सगळी नजर खिडकीकडे लागलेली, कारण डॉक्टर म्हणाले होते, सकाळी जिल्ह्याच्या ठिकाणी हलवायचं बघू. मध्येच म्हणाला, ‘देव करंल ना वो?’ आणि हे विचारतानाही त्याचा हात चुकला नाही.

१३० वं स्तोत्र मी लहानपणापासून पाठ म्हणत आले होते. पहारेकरी पहाटेची वाट पाहतात त्याहून माझा जीव प्रभूची अधिक वाट पाहतो. ते वाक्य तिथे लागोपाठ दोनदा येतं. दोनदा का, ते मला त्या रात्री उमगलं. पहारेकऱ्याच्या हातात उजाडणं नसतं. तो कितीही ताणून बघो, सूर्य मिनिटभर आधी येत नाही. पण त्याच्या हातात पहारा असतो. त्या बापाच्या हातात फुगा होता. लेकराच्या अंगातलं विष उतरवणं त्याच्या हातात नव्हतं, पुढचा एक श्वास मात्र होता. आणि तो एक श्वास त्याने रात्रभर दिला.

तो मुलगा वाचला. तिसऱ्या दिवशी पापणी हलली. पण एवढंच सांगून थांबले तर मी तुझ्याशी खोटं बोलेन. त्याच पावसाळ्यात आणखी एका लेकराला असाच रात्रभर श्वास दिला होता, त्याच्या आईने. ते गेलं. तिने पहिल्याइतकीच प्रार्थना केली होती, पहिल्याइतकंच मोजलं होतं. का, ते मला आजही सांगता येत नाही. ‘देवाने थांब म्हटलं की नाही म्हटलं’ हे मला कळत नाही असं मी तुला सांगते, ते या दोन पलंगांच्या मध्ये उभं राहून सांगते. जो तुला छातीठोकपणे सांगेल की पुढच्या यादीत तुझं नाव आहेच, तो हनन्याचं काम करतोय. जो सांगेल की देवाने दार बंद केलं, त्यालाही विचार, तुला कुणी कळवलं? पण त्या आईने वाया घालवलेली अशी एकही घटका त्या रात्रीत नव्हती. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

माझ्या आजीकडे पंडिता रमाबाईंनी केलेल्या मराठी शास्त्राची, म्हणजे बायबलची, एक जीर्ण प्रत होती. रमाबाई त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, केडगावच्या मुक्ती मिशनचा पसारा सांभाळत वर्षानुवर्षं भाषांतर करत राहिल्या आणि १९२२ साली गेल्या. सबंध शास्त्र छापून झालं १९२४ साली. बांधलेलं पुस्तक त्यांच्या हाती आलं नाही. ती प्रत चाळताना मी हिब्रू शब्दांची माहिती असलेल्या एका वयस्क पाळकसाहेबांना यशयाच्या ४० व्या अध्यायाबद्दल विचारलं होतं. ते म्हणाले, परमेश्वराची वाट पाहण्यासाठी तिथे जो शब्द आहे त्याचं नातं पीळ घातलेल्या दोरीशी आहे. त्याच घराण्यातला आशेसाठीचा शब्द यहोशवाच्या पुस्तकात राहाब नावाच्या बाईच्या खिडकीला बांधलेल्या किरमिजी दोरीसाठी आलाय. आपल्या नेहमीच्या मराठी शास्त्रात त्या ओवीत ‘आशा धरून राहणारे’ असं आहे. धरून. मला हे भाषांतर फार आवडतं. दोरी धरायला हात लागतात. विहिरीवर पाणी शेंदताना आपण दोरीकडे नुसतं बघत उभे राहत नाही.

तर तुझे हात कशाला लावायचे, ते बोलू.

पहिलं, बाबा. एसटीतून निवृत्त झालेल्या माणसाची पेन्शन किती असते हे मला चांगलं माहीत आहे, माझे थोरले भाऊ त्याच खात्यात होते. त्या पेन्शनमधून सात हजार निघत नाहीत, बाळा. ते कुठून येतात हे तू कधी विचारलंयस का? कदाचित कुणाच्या गाडीवर अजून ड्रायव्हर म्हणून जात असतील, कदाचित आईच्या अंगावरचं काही गेलं असेल. मला माहीत नाही, आणि मला वाटतं तुलाही माहीत नाही. या आठवड्यात गावी जा आणि समोर बसून विचार. त्यांना तुझे खरे गुणही सांग, कितीने राहिलं, कुठल्या पेपरात. निकालाच्या दिवशी फोनवर ‘थोडक्यात हुकलं’ म्हणत असशील, तेवढंच नको.

दुसरं, परीक्षा. सोड असं मी म्हणणार नाही. मुलाखतीपर्यंत गेलेल्या मुलाला तसं सांगायचा मला अधिकार नाही. पण किती प्रयत्न द्यायचे हे ठरवण्याची जबाबदारी तू देवावर ढकलू नकोस, ती तुझी आणि घरच्यांची आहे. खुल्या प्रवर्गाला ३८ पर्यंत बसता येतं, हा आयोगाचा नियम आहे. ती काही देवाने तुला लावून दिलेली मुदत नव्हे. शिवाय २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. तुझी सात वर्षांची बरीचशी तालीम पर्यायांवर खुणा करण्याची आहे, पानंच्या पानं लिहिण्याची नाही. तेव्हा पाच-सहा उत्तरं वेळ लावून लिही आणि तुझ्या मैत्रीत नसलेल्या, पेपर तपासायची सवय असलेल्या कुणाला दाखव. त्यांनी जे सांगितलं ते बाबांसमोर मांड आणि आकडा ठरवा. एक प्रयत्न, दोन प्रयत्न, जो ठरेल तो. वहीत लिहून ठेव. त्या आकड्याच्या शेवटी तू थांबलास तर तो अविश्वास नाही. यिर्मयाने दोन वर्षांच्या स्वप्नाला आमेन म्हटलं आणि तरीही सत्तर वर्षांचं पत्र लिहिलं. त्याच्यात दोन्हींना जागा होती.

तिसरं, नोकरी. पतसंस्थेतली ती जागा गेली असेल तर दुसरी शोध. सकाळी कामावर जाऊन संध्याकाळी अभ्यास करून पास झालेली मुलं तुझ्या अभ्यासिकेतही असतील. कारकुनाच्या खुर्चीवर बसलास म्हणून देवाला तुझा पत्ता सापडणार नाही, असं कसं होईल? दुसऱ्याच्या अर्जावर नीट शिक्का मारणं, म्हाताऱ्या बाईला तिचं पासबुक समजावून सांगणं, हेही त्या पत्रातलं ‘नगराचं भलं चिंता’ आहे.

आणि चौथं, ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. ती मुलगी.

तू पत्रात तुझ्या वाट पाहण्याबद्दल एवढं लिहिलंस आणि तिच्याबद्दल दोन-तीन ओळी. ती अजून थांबली आहे असं आई म्हणते. म्हणजे तू स्वतः विचारलेलंही नाहीस. देव उत्तर देत नाही म्हणून तू सात वर्षं कळवळतोयस. तुझं उत्तर येत नाही म्हणून ती कुठल्या बाकावर बसलीय, याचा विचार कर. तिचंही वय वाढतंय, तिच्या घरीही माणसं विचारत असतील. आणि तिला तर ताटातून तुझ्या नावाची चिठ्ठीसुद्धा मिळत नाही. आपण ज्याची वाट पाहतो त्याच्याकडून काय हवं असतं ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? निदान एक सरळ शब्द. तो तिला दे, या महिन्यात, आईमार्फत नव्हे, स्वतः. तिच्या वडिलांना कळवून, मंडळीच्या आवारात भेट. माझ्याकडे पोस्ट नाही, मिळेलच असं नाही, मी अमुक काम करणार आहे, अशा माणसाबरोबर संसार करायची तुझी तयारी आहे का, असं विचार. तुझ्या मनात नसेल तर तेही स्पष्ट सांग आणि तिला मोकळं कर. ती काय म्हणेल ते तिचं. पण तिला ताटकळत ठेवून तू देवापुढे गुडघे टेकतोस, हे मला बरं वाटत नाही.

शब्बाथ शाळेत परत जा. गावी नाही जमलं तर पुण्यात ज्या चर्चला जातोस तिथे विचार, मुलांना गोष्ट सांगणाऱ्याची गरज सगळीकडे असते. निकाल विचारणारी मोठी माणसं असतात. पोरं फक्त विचारतात, पुढे काय झालं?

त्यांना यिर्मयाच्या शेताची गोष्ट सांग, ३२ व्या अध्यायातली. यरुशलेमेला वेढा पडलाय, यिर्मया स्वतः पहाऱ्यात अडकलाय, आणि त्याचा चुलतभाऊ येऊन म्हणतो, अनाथोथचं माझं शेत विकत घे. शत्रूच्या टाचेखाली गेलेली जमीन! यिर्मया तराजूत १७ शेकेल रुपं तोलून देतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, खरेदीखत आपला लेखनिक बारूख याच्या हाती देतो आणि सांगतो, मातीच्या भांड्यात घाल म्हणजे पुष्कळ दिवस टिकेल. त्या शेतात तो कधी नांगर घालू शकला नाही. लोकांनी त्याला मिसर देशात नेलं. तरी खरेदीखत पक्कं केलं, दोन प्रती केल्या. पोरांना मडकं आणून दाखव, आत कागद घालून तोंड बंद करू दे. त्यांना फार आवडतं.

मी निवृत्त झाले तरी रात्रपाळीची सवय गेलेली नाही. पहाटे साडेचारला जाग येते. त्या वेळी वॉर्डात शेवटचा राउंड असायचा. आता मी त्या वेळेला नावं घेऊन प्रार्थना करते. तुझं खरं नाव पाकिटावर आहे, ते मी यादीत घातलंय.

बाबांना सात हजारांचं विचारलंस की मला कळव.

तुझी,
मावशी